पेल्यातला पाक काट्यावर : आमच्या गटाच्या नोंदी

१० मार्च २०२५, सोमवार

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, ऑर्डरी लवकर यायला लागल्यात आणि आखाजीच्या मागोमाग अमळनेरला सखाराम महाराजांची जत्रा, म्हणजे लिंबाचं सिरप, गुलाबजाम आणि गोडी शेव, तिन्ही पाकाचेच प्रकार. आमच्या बचत गटातल्या बायका आपापल्या घरी माल करून आणतात आणि विकायला एकत्र ठेवतात. मागच्या उन्हाळ्यात सिरपच्या काही बाटल्या आंबल्या, झाकण उघडलं की फस्स करून फेस यायचा, आणि काहींच्या तळाशी साखरेचे खडे बसले. कृती सगळ्यांची एकच, मोठ्या मायच्या वहीतली. "दोन पेले साखर, एक पेला पाणी, लिंबाचा रस अंदाजे." पण प्रत्येकीचा पेला वेगळा, कुणी शीगोशीग भरतं कुणी हात फिरवून सपाट करतं, आणि अंदाजे म्हणजे किती हे मोठ्या मायलाच माहीत.

म्हणून ठरवलंय, वहीतलं सगळं ग्रॅममध्ये आणायचं. साखरच नाही, पाणी, रस, मध, काकवी, ग्लुकोज, जे जे ओतायचं ते सगळं वजनावर. जे होईल ते इथे लिहीत जाणार, बिघडलेलंही, कारण ज्यांना हेच करायचंय त्यांना बिघडलेल्याचाच उपयोग जास्त.

१३ मार्च

काटा आणला. दहा किलो क्षमतेचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, घरगुती वापराचा, साडेचारशे रुपयांना. घरी आणून लगेच वापरायला घेऊ नका, आधी तपासा. मी गल्लीतल्या किराणा दुकानदाराकडून शिक्का मारलेली वजनं घटकाभर मागून घेतली. ५०० ग्रॅमला काटा ४९६ दाखवत होता आणि २ किलोला १९८४. म्हणजे चूक सारख्या प्रमाणात, हजाराला आठ. बदलून मागितला तर दुकानदार म्हणे एवढं चालतं. किलोमागे आठ ग्रॅम मला चालत नाही. बदलून घेतला. दुसरा २ किलोला १९९९ दाखवतो, तो ठेवला. यात अर्धा दिवस गेला.

एक मोठा सापळा याच काट्यात आहे. त्यावर एक बटण असतं, दाबलं की ग्रॅमच्या जागी मिली येतं. गटातल्या एकीला वाटलं बरं झालं, आता मापाचा कप नकोच, मध ओतायचा आणि मिली वाचायचं. पण तो काटा फक्त पाण्याचं गणित करतो, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. ३०० ग्रॅम मध ठेवला की तो ३०० मिली दाखवतो आणि खरा मध असतो साधारण २११ मिली. दुधाला थोडक्यात निभतं, पाकाला अजिबात नाही. आमच्या काट्याच्या त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

अजून एक, पंखा बंद करूनच तोला. वाऱ्याने दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे नाचतात.

१६ मार्च

मोठ्या मायचा पेला तोलला. पितळी, काठ थोडा बाहेर वळलेला. काठोकाठ पाणी भरलं, २३० ग्रॅम, म्हणजे २३० मिली. त्यातच साखर भरून सुरीच्या पाठीने सपाट केली, १९६ ग्रॅम. आणि मोठ्या मायला सांगितलं, तू नेहमी भरतेस तसा भर. तिने शीग लावून भरला, २२५ ग्रॅम.

आता हिशोब करा. दोन पेले सपाट साखर म्हणजे ३९२, एक पेला पाणी २३०, बेरीज ६२२, त्यात साखर ६३ टक्के. शीग लावून ४५० साखर, तेच पाणी, बेरीज ६८०, साखर ६६ टक्क्यांच्या वर. हे तीन टक्के ऐकायला काहीच नाहीत पण मागच्या वर्षीचा सगळा घोळ याच तीन टक्क्यांत आहे, ते खाली येईलच.

दुसरी गोष्ट बघून सगळ्या चकित झाल्या. दोन पेले साखर आणि एक पेला पाणी, तीन पेले पाक व्हायला हवा ना. होतो दोन पेले आणि वर घोटभर. साखर विरघळल्यावर तिच्या दाण्यांमधली हवा निघून जाते आणि ती पाण्यात बसते. पेल्याने मोजलं तर तिसरा पेला गेला कुठे हे कळतच नाही, वजनाने मोजलं तर ६२२ आत घातले, ६२२ बाहेर आले, हिशोब जुळतो.

२२ मार्च

आज उलटं काम. कृतीत एक वाटी मध, एक कप कॉर्न सिरप, दोन चमचे काकवी असं लिहिलेलं असतं, त्याचे ग्रॅम किती?

यासाठी महागडं काही लागत नाही. सरळ काठाचा एक स्टीलचा ग्लास घ्या. रिकामा तोला. पाण्याने काठोकाठ भरून तोला. पुसून कोरडा करा, तोच ग्लास सिरपने काठोकाठ भरून तोला. दोन्हींतून रिकाम्या ग्लासाचं वजन वजा करून सिरपच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागलं की एक मिली सिरप किती ग्रॅमचं ते मिळालं. ग्लास किती मिलीचा आहे हे माहीत असायचीही गरज नाही. काठोकाठ म्हणजे वर पट्टी सरकवून सपाट, पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं ते आधी काढून टाकायचं.

आमच्याकडे आलेले आकडे, एका मिलीला:

पाणी १
निम्मी साखर निम्मं पाणी, वजनाने, विरघळवून गार केलेलं – १.२३
६५ टक्के साखरेचं सिरप – १.३२ ला जरासं कमी
दोन भाग साखर एक भाग पाणी, वजनाने – १.३३
मध – १.४२
लिक्विड ग्लुकोज – १.४१
काकवी – १.३७, पण यावर विसंबू नका, पुढे लिहिते.

मधाचा आकडा कमी आला तर आधी बुडबुडे बघा. माझा पहिल्यांदा १.३६ आला होता, ओतताना हवा शिरली होती, रात्रभर झाकून ठेवला आणि सकाळी बरोबर आला.

यावरून चमच्याचं सोपं झालं. मापाचा टेबलस्पून १५ मिलीचा, त्यात मध २१ ग्रॅम, ६५ टक्क्यांचं सिरप २० ग्रॅम. टीस्पून ५ मिलीचा, मध ७ ग्रॅम. पुतणी पुण्याहून केकच्या कृती पाठवते त्यातला कप अमेरिकन असतो, सुमारे २३७ मिली, तो मधाचा असला तर ३४० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडचे मापाचे कप २४० चे असतात नाहीतर २५० चे, तळाशी लिहिलेलं असतं, वाचून घ्या. ऑस्ट्रेलियातली कृती असेल तर तिथला टेबलस्पून २० मिलीचा.

आणि घट्ट सिरप कपात मोजून कप उपडा केला तर सगळं पडत नाही. मधाचा पाव किलोचा कप निथळू दिला, चाटूने पुसलाही, तरी १४ ग्रॅम कपालाच. त्यामुळे आता कप नाहीच. मधाची बरणी काट्यावर ठेवायची, काटा शून्य करायचा, चमच्याने काढत जायचं, काटा उणे २१ दाखवेल तेव्हा एक टेबलस्पून निघाला. चमच्याला जे चिकटलेलं राहतं ते परत बरणीत गेलं तर तेही मोजलं जातं. ग्लुकोज काढताना हात आणि चमचा ओला करून घ्या, नाहीतर तार तुटत नाही.

२९ मार्च, पाडव्याच्या आदल्या दिवशी

गुलाबजामची पहिली मोठी ऑर्डर. आणि मला वाटतं या सगळ्या नोंदींतली सगळ्यात कामाची गोष्ट आज हाती लागली.

पाक उकळताना साखर कुठे जात नाही. उडतं ते पाणी. म्हणजे किती साखर घातली हे माहीत असेल तर उकळत्या पातेल्याचं वजनच सांगतं की पाक कुठवर आलाय. तार बघायची नाही, बोटं भाजायची नाहीत. एक किलो साखर घातली असेल तर पाकाचं वजन २००० असताना तो ५० टक्के, १८१८ ला ५५, १६६७ ला ६०, १५३८ ला ६५, १४२९ ला ७०, १३३३ ला ७५, १२५० ला ८० टक्के. हजाराला हव्या त्या टक्केवारीने भागायचं आणि शंभरने गुणायचं, बाकी काही नाही.

मोठी माय गुलाबजामचा पाक बोटाला तेलकट-चिकट लागला की उतरवते, तार येऊ देत नाही. आज तिला करू दिला आणि तिने "आते उतार, व्हयना पाक" (आता उतरव, झाला पाक) म्हटल्या म्हटल्या तोलला. १७२० ग्रॅम, म्हणजे ५८ टक्के. संध्याकाळच्या घाण्याला पुन्हा तसंच, १७३५. तिच्या बोटाला एवढं नेमकं कळतं हे बघून मी थक्क झाले. तिचं बोट बरोबरच आहे, फक्त ते बोट बाकीच्या घरी पाठवता येत नाही, म्हणून काटा.

तोलण्याची पद्धत सहज जमली नाही. रिकामं पातेलं आणि आतली कडची यांचं वजन आधीच घ्यायचं, आमचं १३८६, ते पातेल्याच्या कानाजवळ मार्करने लिहून ठेवलंय. सकाळी गरम पातेलं सरळ काट्यावर टेकवलं तर आकडा थांबेचना, ३११० वरून खाली खाली सरकत राहिला, आणि वरची काच तडकायची भीती वेगळी. वाफ उडून वजन खरंच थोडं घटतं पण एवढ्या वेगाने नाही, उष्णतेने काट्याच्या आतला भाग बिघडत होता. आता काट्यावर लाकडी पाट, त्यावर घडी घातलेलं सुती फडकं, मग काटा शून्य, मग पातेलं. आकडा दोन सेकंदांत वाचून पातेलं उचलायचं. काटा दोन मिनिटांनी आपोआप बंद होतो आणि शून्य विसरतो, म्हणून पातेलं उचलायच्या आधी तो चालू आहे का बघा.

उकळता पाक उचलणं धोक्याचं आहे, हे नीट लक्षात ठेवा. पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि अंगाला चिकटून राहतो. सांडशीने एका हाताने उचलू नका. दोन्ही कानांना जाड कोरडं फडकं, काटा शेगडीच्या शेजारीच त्याच उंचीवर, मुलं स्वयंपाकघराबाहेर. दोन किलोपेक्षा जास्त साखरेचा पाक मी तोलायला उचलत नाही. मोठ्या घाण्याला थर्मामीटर, ते जत्रेच्या वेळी.

२ एप्रिल

मागची नोंद वाचून गटातल्या एकीने विचारलं, १७२० च हवंय तर आधी एक लिटर पाणी घालून मग पाव लिटर उडवायचंच कशाला? बरोबर आहे तिचं. एक किलो साखरेला ७५० ग्रॅम पाणी घातलं, विरघळेपर्यंत ढवळलं, एक उकळी आणून मळी काढली, तोललं तर १७०५. उरलेले १५ ग्रॅम उकळतं पाणी घालून भरून काढले. आधी उकळी आल्यावर दहा मिनिटं पाक नुसता जळत ठेवायचो, ती वाचली, म्हणजे गॅसही वाचला.

वरून पाणी घालून आकडा गाठायचा, हे सगळ्यांनी पाठ करून ठेवण्यासारखं आहे. कुणाची शेगडी मोठी, कुणाचं पातेलं पसरट, कुणी झाकण ठेवतं कुणी नाही, प्रत्येकीचं पाणी वेगवेगळं उडणार. उडू दे. शेवटी तोला आणि कमी पडलं तेवढं उकळतं पाणी घाला. मोठ्या मायला आधी हे पटलं नाही, उतरवल्यावर पाकात पाणी म्हणजे पाक मोडला असं तिचं म्हणणं. दोन वाट्यांत तिचा आणि भरपाई केलेला पाक ठेवला, ओळखू आला नाही. तेव्हापासून शेगडीजवळ बसून तीच विचारते, "तुन्हा काटा काय सांगस?"

८ एप्रिल

लिंबाचं सिरप. आज बरंच लिहायचंय.

आधी किती टक्के हवंय ते. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात फळाच्या सिरपला किमान ६५ टक्के विद्राव्य घन (पाण्यात विरघळलेला ऐवज, मुख्यतः साखर) आणि २५ टक्के रस लागतो. ६५ च का, तर त्याखाली साखर कमी पडते, बुरशी आणि यीस्ट जगतात, बाटली आंबते. मग सरळ ७० का नको, तर पाण्यात साखर मावायलाही मर्यादा आहे. २० अंशाला साधारण ६७ टक्क्यांपर्यंत विरघळते, ४० अंशाला ७० पर्यंत आणि फ्रिजच्या थंडीत ६५ च्या आसपासच. म्हणजे खाली ६५ आणि वर ६७, एवढीच वाट. आणि १६ मार्चची नोंद बघा, सपाट पेला ६३, शिगेचा ६६ च्या वर. त्यात कुणी दहा मिनिटं जास्त उकळवलं की ७०. सपाट भरणाऱ्यांच्या बाटल्या आंबल्या, जास्त उकळणाऱ्यांच्या बाटल्यांत खडे बसले. पेल्याने मोजून या दोन टक्क्यांच्या वाटेवर चालणं शक्यच नव्हतं.

गणित असं मांडलं, दोन किलो सिरपसाठी: साखर १२६५, गाळलेला रस ५००, पाणी २३५. रसात स्वतःचे सात-आठ टक्के घन असतात ते धरून ६५ ला थोडं वर बसतं.

आणि पहिला घाणा वाया गेला. मी नेहमीसारखा आधी साखर-पाण्याचा पाक केला आणि मग उतरवून रस घालायचा म्हणून बसले. पण २३५ पाण्यात १२६५ साखर म्हणजे ८४ टक्के, तो सिरपचा पाक नाहीच, तो गोळीबंद पाक झाला. त्यात गार रस ओतल्याबरोबर कडेला साखर गोळा झाली, ढवळून ढवळून हात दुखले तरी तळाला खडे तसेच. कागदावर गणित बरोबर होतं पण कुठल्या क्रमाने घालायचं ते त्यात नव्हतं. लिंबं दीडशे रुपये किलो चाललीत, त्यामुळे पोटात गोळा आला. शेवटी त्या घाण्यात पाणी वाढवून घरच्या घरी सरबताला वापरला.

आता क्रम असा. स्टीलचं पातेलं, पितळ किंवा ॲल्युमिनियम नको, आंबट आहे. साखर, पाणी आणि ४०० ग्रॅम रस एकत्र, मंद आचेवर, झाकण ठेवून, मधून मधून ढवळत. उकळू द्यायचं नाही, ८० अंशाच्या आसपास सगळी साखर विरघळून पारदर्शक होतं. मग राखून ठेवलेला १०० ग्रॅम रस वरून, त्यानेच वास ताजा राहतो. तोला. दोन किलोला जेवढं कमी तेवढं उकळतं पाणी. आमचं वीस-तीस ग्रॅम कमी भरतं.

आंबटामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतो, त्यामुळे खडे बसायचं प्रमाणही कमी होतं, नुसत्या साखरेच्या सिरपपेक्षा हे जास्त माफ करतं.

१५ एप्रिल

बाटल्या. जळगावच्या दाणा बाजारातून काचेच्या ७५० मिलीच्या आणल्या. गरम असतानाच भरायच्या म्हणजे झाकणाखाली जंतू राहत नाहीत. एक बाटली पाण्याने भरून तोलली, ७५० ग्रॅमला पाणी जिथे आलं तिथे खूण केली, सगळ्या बाटल्या त्या खुणेपर्यंत भरल्या. संध्याकाळी गार झाल्यावर बघते तर सगळ्यांत सिरप खुणेच्या खाली उतरलेलं. कुणी पिऊन ठेवलंय असं वाटावं इतकं. बाटल्या तोलल्या, आत ९६५ च्या आगेमागे सिरप.

गरम सिरप फुगलेलं असतं. २० अंशाला जे १.३१६ भरतं ते ८० अंशाला १.२९ च्याही खाली जातं. म्हणजे गरम असताना ७५० मिली भरलं तर गार झाल्यावर दोन टक्क्यांहून जास्त कमी. लेबलवर ७५० लिहून गिऱ्हाइकाला कमी द्यायचं, हे आमच्या गटाला शोभणारं नाही, मालही परत येऊ शकतो. सगळ्या बाटल्या उघडून परत गरम करून भरल्या, संध्याकाळ त्यात गेली.

आता खूण बघायचीच नाही. रिकामी बाटली काट्यावर, शून्य, नरसाळ्याने ९८७ ग्रॅम, झाकण. गरम असो गार असो, वजन तेच. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळीसच्या वर असते तेव्हा सिरप खुणेच्या जरासं वर दिसतं, ते ठीक आहे. दोन किलोच्या घाण्यात दोन बाटल्या भरून नमुन्याला घोटभर उरतं.

२१ एप्रिल

एका घरून आलेल्या बाटलीत फ्रिजमध्ये खडे बसले. तिने सगळं तोलून केलं होतं, तिच्याकडचा काटाही तपासलेला. मग लक्षात आलं की वरून पाणी घालून भरपाई करायची राहिली होती, झाकण न ठेवता विरघळवलं होतं आणि दोन किलोच्या जागी १८९० भरलं होतं, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के. आत घातलेलं तोललं, बाहेर आलेलं नाही. आता प्रत्येकीच्या वहीत शेवटच्या वजनाला वेगळा रकाना आहे आणि तो रिकामा असेल तर बाटली स्वीकारायची नाही असं बैठकीत ठरलं. ती बाटली कोमट पाण्यात ठेवून खडे विरघळवले, ११० ग्रॅमच्या हिशोबाने पाणी घातलं, सुधारली.

२६ एप्रिल

भाऊ द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, तो दोन दिवसांसाठी आणला. काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचायचा, ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साखर किती ग्रॅम. पण त्याचा ३२ पर्यंतचाच, आमचं सिरप ६५, नुसतं निळं-पांढरं काहीतरी दिसतं. मधासाठीचा वेगळा मिळतो ५८ पासून ९० पर्यंतचा, पण त्याला दीड हजार घालायची तयारी नव्हती.

सिरप पातळ करून मोजलं. ५० ग्रॅम सिरप, १५० ग्रॅम पाणी, चौपट. आकडा १६.३ आला, चारने गुणून ६५.२. कागदावरचं आणि यंत्रातलं जुळलं तेव्हा खरं सांगते, फार आनंद झाला.

पण हेच भावाने मापाच्या चमच्याने केलं, एक चमचा सिरप तीन चमचे पाणी, आणि आकडा आला २० च्या जवळ, म्हणजे ८० टक्के. यंत्र बिघडलंय म्हणायला लागला. यंत्र ठीक होतं. एक चमचा सिरप २० ग्रॅमचा आणि एक चमचा पाणी १५ चं, त्यामुळे चौपट झालंच नव्हतं. ब्रिक्स वजनाचा आकडा आहे, पातळही वजनानेच करावं लागतं. आणि वाचताना पाव-अर्ध्या घराची चूक झाली तर तीही चारने गुणली जाते, म्हणून दोनदा-तीनदा वाचा. दुपारी मोजू नका, ही यंत्रं साधारण ३० अंशापर्यंतच स्वतःहून तापमान सांभाळतात, आमची खोली त्याच्या कितीतरी वर असते. पहाटे मोजा.

३० एप्रिल, आखाजी

घागर भरली, सांजोऱ्या झाल्या, आंब्याचा रस झाला. माल सगळा गेला. आज काट्याला सुट्टी.

४ मे

गोडी शेव, गुळाच्या पाकातली. यात मात्र साखरेचं गणित जसंच्या तसं चालत नाही.

साखर म्हणजे जवळजवळ पूर्ण साखरच. गुळात आधीच पाणी असतं आणि ते प्रत्येक भेलीत वेगळं. शिवाय गाळ. एक किलो गूळ, २५० ग्रॅम पाणी, वितळवून कापडातून गाळला, कापडावरचा कचरा वाळवून तोलला तर १२ ग्रॅम. मग आटवत नेला. पाण्यात थेंब टाकला की घट्ट गोळी होते तिथे थांबवून तोलला, १०५५ ग्रॅम, थर्मामीटरवर ११९. शेव टाकून परतली, कोरडी आणि खुटखुटीत झाली.

दुसऱ्या भेलीचा गूळ मऊ होता, दाबला की बोट उमटायचं. तोही १०५५ वर उतरवला. शेव चिकट राहिली, एकमेकीला धरून बसली, डब्यात गोळा. त्या गुळात पाणी जास्त होतं, म्हणजे १०५५ ला तो पाक अजून पातळच होता. पुढचा घाणा गोळी बघून थांबवला तेव्हा वजन १०२० भरलं आणि थर्मामीटर पुन्हा ११९ च.

म्हणून गुळासाठी आमचा नियम असा, भेली फोडली की पहिला एक किलोचा घाणा गोळी आणि ११९ अंश बघून करायचा, त्याचं वजन भेलीच्या कागदावर लिहायचं, आणि ती भेली संपेपर्यंत तेच वजन. नवी भेली, नवा आकडा. थर्मामीटर साडेतीनशे रुपयांचा, उकळत्या पाण्यात धरून आधी तपासला, ९९ दाखवला तो बरोबर आहे, अमळनेर समुद्रसपाटीपासून थोडं उंचावर आहे. थर्मामीटरचं टोक पातेल्याच्या बुडाला लागू देऊ नका, पाच-सहा अंश जास्त दाखवतो.

पाच किलोच्या घाण्याला उचलून तोलणं नाहीच, तिथे थर्मामीटरच.

१३ मे

काल पौर्णिमेची पालखी झाली. बोरी नदीच्या पात्रात आमच्या टेबलावर सरबत पेल्याने विकलं, पण भरलं वजनाने, प्रत्येक पेल्यात ६० ग्रॅम सिरप. त्यासाठी सोपं काढलं, ४५ मिलीची कडची आहे तिच्यात ६५ टक्क्यांचं सिरप ५९ ग्रॅम येतं, मग ती कडचीच माप. कुठल्याही घरची बाटली उघडली तरी चव तीच, हे गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं नाही पण परत येऊन पुन्हा मागितलं.

खर्च असा झाला: काटा ४५०, थर्मामीटर ३५०, वाया गेलेला लिंबाचा घाणा धरला तर तीनशेच्या आसपास, चिकट शेवेचा घाणा वेगळा. मागच्या वर्षी परत घेतलेल्या बाटल्यांचं नुकसान याहून जास्त होतं.

काकवीचं राहिलं होतं. मार्चमध्ये १.३७ आला, परवा दुसऱ्या डब्याचा १.४१ आणि तिसऱ्याचा १.३४. कढईतून कोण केव्हा काढतं त्यावर ती पातळ-घट्ट ठरते, तिचा एकच आकडा लिहून ठेवण्यात अर्थ नाही. कृतीत एक वाटी काकवी असेल तर डबा उघडला की ग्लासाची पद्धत करा, पाच मिनिटांचं काम आहे, आलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहा आणि वाटी किती मिलीची आहे त्याने गुणा. पातळ काकवीला, १.३५ च्या खालच्या, आम्ही आता वेगळ्या डब्यात ठेवतो आणि आधी संपवतो, ती लवकर आंबते.